न मागितलेली परवानगी

दार सताड उघडं असलं तरी ते उंबऱ्याबाहेर थांबत. छत्री मिटून काखेत धरत आणि विचारत, "येऊ का?" आतून उत्तर आल्याशिवाय पाऊल उचलत नसत. एकदा माझी आई चुलीपाशी होती, तिला ऐकू गेलं नाही, तर हे गृहस्थ पाव तास उन्हात उभे. आई ओशाळली. "अहो, आपलंच घर समजा की," म्हणाली.

"घर तुमचं आहे," ते म्हणाले. "म्हणून तर विचारतो."

असा एखादा माणूस तुमच्याही आळीत राहून गेला असेल. आपण त्याला विक्षिप्त म्हणतो आणि मोकळे होतो. मीही तेच करत होतो.

गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकातली आहे. पिंपरीच्या माळावर एकेक कारखाना उभा राहत होता. त्यातल्या एकात मी टाइमकीपर होतो आणि युनियनचा चिटणीसही. युनियनच्या मंडळींनी चिंचवडात एक वाचनालय काढलं होतं. पुढे एक खोली, मागे पन्नासेक माणसं बसतील एवढा पत्र्याचा हॉल. त्याची किल्ली माझ्याकडे असे.

दारात थांबणारे ते गृहस्थ पुण्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. नोकरीची काही वर्षं बाकी असतानाच ती सोडून चिंचवडला नदीकाठी दोन खोल्या घेऊन एकटे राहायला आले. सगळे त्यांना सर म्हणत. नोकरी का सोडली असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मला पटत नाही ते शिकवा म्हणत होते. सांगायचा हक्क त्यांचा, सोडायचा माझा. भांडण कसलं त्यात?"

सरांचं अर्थशास्त्र ऐकायला सोपं होतं. भाव म्हणजे निरोप, असं ते म्हणत. चाकणच्या बाजारात कांदा चढला की निघोज्याच्या शेतकऱ्याला ते कळतं, त्यासाठी त्याला कोणा साहेबाचा हुकूम लागत नाही. तो आपला विचार करून कांदा लावतो किंवा लावत नाही. मध्ये साहेब बसवला की निरोप साहेबाच्या टेबलावर अडकतो. सरकारनं काय करावं, असं विचारलं तर बोटांवर मोजून सांगत, "चोर धरावा. तंटा सोडवावा. रस्ता नीट ठेवावा. उरलेल्या वेळात झोप काढावी."

त्या काळात हे बोलणं म्हणजे वेडेपणाच होता. देश नवा होता, सरकार आपलं होतं, सगळं सरकारनंच करावं असं आम्हाला मनापासून वाटे. वाचनालयात संध्याकाळी वर्तमानपत्रं चाळता चाळता आम्ही त्यांना घेरत असू. ते कधी आवाज चढवत नसत. आमचं पटलं नाही तर शांतपणे म्हणत, "मर्जी तुमची."

एकदा मी चिडून विचारलं, "सर, ज्याच्या घरात चूल पेटलेली नाही, त्याची कसली आलीय मर्जी? मालक देईल ते तो मुकाट्यानं घेणार."

ते छत्री उचलून निघून गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला शोधत कारखान्याच्या फाटकावर आले. मी धावत गेलो, वाटलं काही विपरीत घडलं. "तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला," ते म्हणाले. "याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. थोडंसं आहे, पण ते मलाच समाधान देत नाही. एवढं सांगायला आलो." आणि छत्री टेकत परत गेले. मला तेव्हा वाद जिंकल्याचा आनंद झाला होता. त्या माणसाची उंची नजरेत भरायला मला फार वर्षं लागली.

पुढे एका संपाच्या वेळी मी फाटकासमोर भाषण केलं. चार दिवसांनी मला पकडलं. मी लोकांना दगडफेक करायला चिथावलं, असा आरोप होता. भाषणाच्या वेळी हजार माणसं होती, पण कोर्टात येऊन बोलायला कोणी तयार होईना. युनियनचे अध्यक्ष दुसऱ्या गावी निघून गेले होते. उभे राहिले ते सर. न बोलावता आले होते.

"मी समोरच्या झाडाखाली उभा होतो," त्यांनी सांगितलं. "यांच्या भाषणाला उत्तर लिहायचं म्हणून मी प्रत्येक वाक्य टिपून घेत होतो." त्यांनी वही पुढे केली. मॅजिस्ट्रेटनी पानं उलटली. माझ्या प्रत्येक वाक्यासमोर शाईनं 'चूक' असं लिहिलेलं होतं. दगडाचा उल्लेख मात्र कुठेच नव्हता.

"म्हणजे तुम्हाला यांचं भाषण पटलेलं नाही?"

"एक वाक्यही नाही," सर म्हणाले. "पण चुकीचं बोलणं हा काही गुन्हा नाही, साहेब. नाहीतर आपण कोणीच बाहेर राहणार नाही."

मॅजिस्ट्रेट हसले आणि मी सुटलो. बाहेर आल्यावर मी त्यांच्या पाया पडू लागलो तर ते मागे सरले. म्हणाले, "चौथं वाक्य फारच चूक होतं. त्यावर बोलू आपण."

आता इस्माईलभाईबद्दल सांगायला हवं. इस्माईलभाई देहूरोडला लष्कराच्या गाड्यांवर काम करून शिकलेला मेकॅनिक. चिंचवडला रस्त्याकडेला त्याचं छोटं गॅरेज होतं. लष्करानं मोडीत काढलेली एक लॉरी त्यानं तुकडा तुकडा जमवून चालती केली होती. चाकणचा कांदा पुण्याला पोचवायचा, एवढीच त्याची उमेद. पण भाड्यानं माल वाहायला परवाना लागे आणि त्याच्या अर्जाला काही उत्तर येत नव्हतं. लॉरी गॅरेजमागे चिंचेखाली उभी असे. तिला गंज चढू नये म्हणून तो रोज फडका मारी.

सरांना ही हकीकत कळली आणि त्यांनी मनावर घेतलं. 'परवाना कशाला?' या विषयावर ते आमच्या हॉलमध्ये बोलणार आणि शेवटी इस्माईलभाईनं उठून आपला अनुभव सांगायचा, असं ठरलं. इस्माईलभाई बिचकत होता. "माझं मराठी धड न्हाई, सर. आणि माझं नाव हे असं. उगीच कोणाच्या डोळ्यांवर कशाला यायचं?"

"मर्जी तुमची," सर म्हणाले.

त्यानं चार दिवस विचार केला आणि हो म्हणाला.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी अध्यक्षांनी मला बोलावलं. अध्यक्ष जुन्या चिंचवडकर घरातले, रांगडे, माणसांत वजन असलेले. "त्या सरांना हॉल द्यायचा न्हाई," ते म्हणाले. "मागं एकदा ते बोल्ले, ज्याला युनियनमधी यायचं न्हाई त्यालाबी काम मिळालं पायजे. आज त्यांचं आइकलं, उद्या मानसं वर्गणीच्या पावत्या फाडायची थांबतील."

"पण त्यांनी मला सोडवलंय," मी म्हणालो.

"व्हय, म्हणून तर तूच सांग. गोडीनं सांग."

मला गोडीनंही सांगता येईना. ज्यानं माझ्यासाठी कोर्टात उभं राहून दाखवलं, त्याला तोंडावर 'तुम्ही आमच्या हॉलमध्ये बोलू नका' असं म्हणायची माझी हिंमत नव्हती. अध्यक्षांना नाही म्हणायचीही नव्हती. मग मी एक तिसरीच वाट काढली. व्याख्यानाच्या दिवशी दुपारी हॉलला कुलूप घातलं आणि दारावर चिठ्ठी चिकटवली. 'सरकारी परवानगी न मिळाल्याने आजचे व्याख्यान रद्द.'

सरकारनं अडवलं म्हटलं की सर लगेच विश्वास ठेवतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या विचारांच्या आड मी लपलो.

संध्याकाळी वीसेक माणसं आली, चिठ्ठी वाचून परत गेली. सर आले. चष्मा लावून त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "कारण दिलंय?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

इस्माईलभाई त्यांच्यामागे उभा होता. धुतलेला पांढरा सदरा, केसांना तेल, हातात घामानं ओला झालेला एक कागद. बोलायचं ते त्यानं कोणाकडून तरी लिहून घेतलं असावं. त्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "राव, परवानगीच्या अर्जात माझं नाव व्हतं का?"

अर्जच नव्हता. पण मला तिथून सुटायचं होतं. मी म्हणालो, "असेल."

त्यानं मान हलवली, जणू त्याला हे आधीपासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून सर कचेरीत जाऊ लागले. ज्यांनी जन्मात सरकारकडे काही मागितलं नाही, ते एसटीतून पुण्याला जाऊन मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात रांगेत उभे राहू लागले. पहिल्या दिवशी साहेब फिरतीवर होते. दुसऱ्या दिवशी कारकुनाला असा अर्ज सापडेना, तेव्हा सर त्याच्यावर कडाडले, तुम्ही मुद्दाम दडवता म्हणाले. हे ते स्वतःच वाचनालयात येऊन सांगत होते आणि खरं काय ते ठाऊक असलेले आम्ही सगळे माना खाली घालून ऐकत होतो. ते गेल्यावर एक-दोघं हसले. मीही हसलो. हे लिहायला नको वाटतं, पण मी हसलो होतो.

तिसऱ्या खेपेला मामलेदारांनी त्यांना आत बसवलं, त्यांच्यासमोर सगळी रजिस्टरं उघडून दाखवली आणि म्हणाले, "अहो, खासगी वाचनालयात अर्थशास्त्रावर बोलायला परवानगी कशाची? मला कळवलं असतंत तर मीच ऐकायला आलो असतो."

त्या संध्याकाळी वाचनालयात मी एकटाच होतो. सर दाराशी आले, विचारलं, थांबले. आत येऊन खुर्चीवर बसले. चेहरा उन्हानं काळवंडला होता. मला वाटलं, आता फटकारतील. मला ते हवंही होतं.

"मी त्या कारकुनाची माफी मागून आलो," ते म्हणाले. "त्याचा काही दोष नव्हता. सरकार वाईटच वागणार असं मी धरून चाललो. शहानिशा केली नाही. हे माझं चुकलं."

मी टेबलावरची वर्तमानपत्रं सारखी करू लागलो.

"हॉल तुमचा होता. तुमच्या घरात कोणाला बोलू द्यायचं ते तुम्ही ठरवणार. नाही म्हणाला असतात तर मी नदीच्या घाटावर बोललो असतो."

एवढंच. आवाजात राग नव्हता. ते उठले आणि गेले.

महिन्याभरानं वाचनालयाची पुस्तकं परत करायला आले तेव्हा समजलं, ते बहिणीकडे मिरजेला कायमचे चालले आहेत. रात्रभर तळमळून सकाळी मी चिंचवड स्टेशन गाठलं. सर वळकटीवर बसले होते. मला पाहून त्यांनी सरकून जागा केली.

"सर, मला माफ करा," मी म्हणालो.

"माझं राहू द्या. मला खरं काय ते कळलं आहे," ते म्हणाले. "इस्माईलभाईचं बघा. त्याला वाटतंय, त्याच्या नावामुळे सरकारनं सभा बंद केली. मी त्याला खरं सांगितलं, तर म्हणतो, सर, तुम्ही माझी समजूत काढताय. त्यानं परवान्याचा अर्ज मागे घेतलाय. तुम्ही सांगितलंत तर त्याला पटेल. कुलूप तुम्ही घातलं होतं."

"सांगतो, सर."

पुण्याची गाडी आली. वळकटी मी चढवली. खिडकीतून त्यांनी हात केला नाही, फक्त मान हलवली.

मी इस्माईलभाईला सांगितलं नाही.

आज सांगू, उद्या सांगू असं करत पावसाळा गेला. लॉरी त्यानं भंगारात काढली, गॅरेज मोडलं आणि देहूरोडला दुसऱ्याच्या हाताखाली कामाला लागला. माझी सायकल मी मुद्दाम तिकडे न्यायचो. "बसा राव," म्हणून तो लोखंडी खुर्ची पुसून द्यायचा. चहा मागवायचा. मी चहा प्यायचो, हवापाण्याचं बोलायचो आणि उठायचो. अशी चौदा-पंधरा वर्षं गेली. वाचनालयाची त्याला कुणी वर्गणी मागितली की तो हसून म्हणायचा, "आपन न्हाई बाबा त्या भानगडीत." मग एके दिवशी गेलो तर खुर्चीवर दुसराच कोणी बसला होता. इस्माईलभाईला जाऊन आठवडा झाला होता म्हणे.

सर त्याच्या आधीच मिरजेला वारले होते. ते शेवटी कसे होते, त्यांच्याकडे कोणी येत-जात होतं का, मला काही ठाऊक नाही. मी त्यांना एकही पत्र लिहिलं नाही. लिहिलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, सांगितलंत का?

सरांची मतं मला आजही सगळी पटत नाहीत. भुकेलेल्या माणसाच्या मर्जीचा माझा प्रश्न अजून तिथेच आहे. पण त्याचं उत्तर नाही हे ते मला फाटकावर येऊन सांगून गेले, आणि इस्माईलभाईच्या प्रश्नाचं माझ्याकडे तर उत्तर होतं, एका वाक्याचं, सायकलच्या अंतरावर.

इस्माईलभाईच्या घरातलं कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी लिहितो. त्या संध्याकाळी तुमच्या माणसाचं नाव कुठल्याही अर्जात नव्हतं. अर्जच नव्हता. सभा सरकारनं बंद केली नव्हती. दारावरची चिठ्ठी माझ्या हातची होती.