आईचं पानी आणि शेठचं नेट

आमच्या नंदाखाल गावातल्या आळीत ज्याने इंटरनेट आणलं, त्याच्याबद्दल मला आदर वाटावा असं त्याला फार वाटतं. गावात त्याला शेठ म्हणतात. आधी तो केबल टीव्हीची वायर या माडावरून त्या माडावर खेचत फिरायचा. मग त्याच माडांवरून नेटची वायर आली आणि नाक्यावर हात जोडलेला त्याचा फोटो लागला. फोटोखाली मोठ्या अक्षरात ‘सुसाट वेग’. ‘सुसाट’ हा शब्द मी तेव्हापासून वापरायचा सोडून दिला आहे.

शेठचं नेट सकाळी चालतं. दुपारी सगळे आडवे झालेले असतात तेव्हाही चालतं. दिवेलागण झाली, लोक कामावरून घरी आले, पोरं क्लासवरून परतली, राजोडीच्या किनाऱ्याकडच्या होमस्टेमध्ये पाहुणे उतरले, की नेटने मान टाकलीच. जेवणं आटोपून गाव झोपायला लागेपर्यंत पडद्यावर ते चक्र गोल गोल फिरत राहतं. गावाने हे भरतीओहोटीसारखं मान्य करून टाकलं होतं. मीही त्याची फार पर्वा करत नव्हते. मला ना मालिका बघायच्या होत्या, ना क्रिकेट. वाडीतली केळी, दोन म्हातारे माड आणि आई, एवढं सांभाळायला मी मुंबईची नोकरी सोडून इथे आले होते.

मग आईला पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला, पाय काठीच्या आधाराने थोडाफार चालू लागला, पण बोलणं पार गेलं. तिला सगळं कळायचं. काय हवं तेही माहीत असायचं. शब्द तेवढा सापडायचा नाही. तोंड उघडायची, आतून काहीतरी घोगरं निघायचं आणि ती पुन्हा मिटायची. दिवसभर माळ्याशी, मांजराशी, भिंतीवरच्या देवांशी बोलणारी बाई ती. आमच्या घरात अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येऊ शकतं, पण नेमाने शिकवायला हवं. जवळपास असं कोणी मिळेना. मुंबईला गाडीने एकदा नेऊन आणलं तर आई नंतर दोन दिवस उठली नाही. शेवटी कोणीतरी पुण्याच्या एका मुलीचा नंबर दिला. ती दिवसभर इस्पितळात काम करायची आणि संध्याकाळी घरून व्हिडिओवर पेशंट घ्यायची. तिशीतली असेल, चष्मा, केसांचा घट्ट अंबाडा. मी तिला मॅडम म्हणायचे, ती मला ताई आणि आईला आजी.

संध्याकाळी सातची वेळ ठरली. मी लॅपटॉप उशीवर उंच ठेवला, आईला तक्क्याला टेकवून बसवलं, केस विंचरून दिले. मॅडम पडद्यावर आल्या.

“आजी, माझ्या तोंडाकडे बघायचं. मी करते तसं करायचं. आधी ओठ मिटा. आता... प.”

पण ‘प’ आलाच नाही. मॅडमचे ओठ मिटले आणि चित्र तसंच थांबलं. आईनेही ओठ मिटले होते. पडद्यावरची बाई ओठ कधी उघडते याची वाट बघत ती बसून राहिली. नाकाने श्वास घेत, डोळे ताणून. मी “आई, सोड, नेट अडकलंय” म्हणत होते, पण ती माझ्याकडे बघेना. तिला मास्तरणीचं ऐकायचं होतं. बऱ्याच वेळाने चित्र हललं, तर मॅडम म्हणत होत्या, “छान! आता हेच पुन्हा, पाच वेळा.” आईने मॅडमकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत शरम होती. तिला वाटलं, चूक तिचीच. बाईंनी शिकवलं आणि आपल्यालाच समजलं नाही.

मी तिला वायर दाखवली, राऊटर दाखवला, हाताने ‘हे बंद पडतं’ असं सांगितलं. तिने मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला तेव्हा ती तोंडावर पदर घेऊन बसली.

मोबाइलवर करून बघितलं. आमच्या वाडीत माडांच्या खाली सिग्नल जेमतेम एक काडी, आणि संध्याकाळी तीही जाते. शेठच्या ऑफिसात फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, “ताई, राऊटर एकदा बंद करून चालू करा.” रोज फोन, रोज तेच उत्तर. पत्रिका बघून ग्रहशांती सांगणारेसुद्धा अधूनमधून उपाय बदलतात.

एका दुपारी शेठ स्वतः आला. पांढरीशुभ्र पँट, पांढरा शर्ट, मागे दोन माणसं. चपला न काढता ओटीवर चढला. मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यावर गाडीच्या मीटरसारखा काटा फिरत होता.

“बघा, कसं पळतंय! आणि तुम्ही म्हणता चालत नाही.”

“संध्याकाळी या.”

“संध्याकाळी अख्खं गाव बसतं ना नेटवर, ताई. त्याला मी काय करणार?”

“गाव संध्याकाळीच घरी असतं. ते ठाऊक असताना अख्ख्या गावाला विकलंत कशाला?”

तो हसला. त्याच्या मागचे दोघेही हसले, त्याने हसायला सुरुवात केली म्हणून. “तुम्ही शिकलेल्या माणसांचं हेच. टेन्शन घेऊ नका. आजींना त्या वेळेला मालिका लावून द्या, जरा करमणूक होईल.”

आई आतल्या खाटेवरून हे ऐकत होती. शेठ जाताना तिला नमस्कार करून गेला, फोटोत करतो तसाच.

तेव्हा मला शेठपेक्षा गावाची आशा होती. समोरच्या काकूंची लेक ऑस्ट्रेलियात. तिच्या बाळाचा चेहरा चौकोनी तुकड्यांत दिसतो म्हणून काकू रोज रडायच्या. चर्चजवळ राहणाऱ्या मास्तरांचा मुलगा आखातात. रविवारी चर्चमधल्या मिस्सेवरून येताना मास्तर माझ्या फाटकाशी थांबून शेठच्या सात पिढ्या उद्धरायचे. होमस्टेवाले तर पाहुण्यांच्या शिव्या खात होते. मी सगळ्यांना म्हटलं, एकदा मिळून जाऊ. सगळे म्हणाले, जाऊच.

गेलो. शेठने खुर्च्या मागवल्या, थंडा मागवला. मी सुरुवात केली. आईचं सांगितलं, संध्याकाळचं सांगितलं. मग शेठने एकेकाकडे वळून विचारलं, “काय हो, तुमच्याकडे पण त्रास आहे?”

काकू म्हणाल्या, “आमच्याकडे तसं बरं आहे.”

होमस्टेवाला म्हणाला, “पाहुणे आले की थोडं होतं. चालायचंच.”

मास्तर तर खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, “गावात नेट आणलं हेच मोठं काम केलंत शेठ. नाहीतर आमच्यासारख्यांना कुठलं?”

मी थंडा तसाच ठेवून उठले. परतताना मास्तर माझ्या बरोबरीने चालायला लागले. “त्याच्याशी वाकडं घेऊन कसं चालेल? उद्या निवडणुकीला उभा राहील तो. मागे दुसऱ्या कंपनीने वायर टाकली होती, आठवतं? तीनदा कोणीतरी कापली.”

“कोणीतरी?”

“कोणी बघितलं नाही.”

चाळीस वर्षं पोरांना ‘खरं बोलावं’ असं फळ्यावर लिहून देणारा हा माणूस. मी भराभर पावलं उचलून त्यांच्या पुढे निघून गेले. त्यांना तो राग वाटला असेल. मला खरं म्हणजे किळस आली होती.

मग मी आईला भावाकडे जूचंद्रला नेलं. नव्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. तिथलं नेट एकदाही थांबलं नाही. मॅडमचे ओठ मिटायचे, उघडायचे, सगळं लख्ख. वहिनीने काही कमी केलं नाही. स्वतःची बेडरूम दिली, मऊ भात, माशाचं पातळ कालवण, सगळं. पण आई तिथे गप्प झाली. आधी जो घोगरा आवाज तरी निघायचा तोही निघेना. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या बघत बसायची. लॅपटॉप उघडला की भिंतीकडे तोंड करायची.

मॅडम म्हणाल्या, “ताई, त्यांना घरी न्या. इथे त्यांना बोलावंसंच वाटत नाहीये.”

“घरी संध्याकाळी तुम्ही दिसत नाही.”

त्या जरा थांबल्या. या वेळी नेट अडकलं नव्हतं, त्या विचार करत होत्या. “तुमच्याकडे सकाळी चालतं ना? मग मी इस्पितळात जायच्या आधी घेते. लवकर उठाल?”

“पण तुमची झोप?”

“ती माझी मी बघते. तुम्ही आजींना उठवा.”

आमच्यापासून इतक्या लांब राहणाऱ्या, आमच्या घरचं पाणीसुद्धा न चाखलेल्या मुलीला हे सुचलं. आणि शेठच्या ऑफिसात थंडा पिणाऱ्यांना एक वाक्य जड झालं. ही तुलना मी करते आणि करत राहणार.

आईला घरी परत आणलं आणि आम्ही सकाळी ओटीवर बसायला लागलो. रहाटाऐवजी आता पंप असतो, त्याचा आवाज, केळीच्या पानांवरून ठिबकणारं दव, मांजर आईच्या मांडीवर. आईने पदर बाजूला केला. पहिले काही आठवडे नुसते ओठ. मग एक दिवस ‘प’ फुटला, फुग्यातून हवा सुटावी तसा. मी टाळ्या वाजवल्या तर आईने मला डाव्या हाताने गप्प केलं. तिला पुढचं करायचं होतं.

एका सकाळी मॅडमनी पाण्याचा ग्लास उचलून दाखवला. “आजी, हे काय?”

आईने कपाळाला आठ्या घातल्या. ओठ मिटले. “पा...” थांबली. गळ्याची शीर ताठ झाली. “पा...नी.”

मी रडायला लागले. मॅडमही खूश झाल्या, पण त्या त्यांच्या कामाला चिकटून होत्या. “खूपच छान! आता फक्त ‘ण’ नीट करू. जीभ वर वळवा आजी. पा-णी.”

“पानी,” आई म्हणाली.

“ण... ण...”

“पानी.” या वेळी आवाज चढला होता.

“मॅडम,” मी म्हटलं, “तो ‘ण’ पक्षाघाताने गेलेला नाही. तो तिच्याकडे कधी नव्हताच. तिच्या माहेरी, भातशेतीवाल्यांच्या बोलीत, सगळे पानीच म्हणतात. मी शाळेत जाऊन ‘पाणी’ शिकले तेव्हा ती मला हसायची.”

मॅडम आधी चकित झाल्या, मग इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. “मग आजी शंभर टक्के बरोबर. मीच चुकले.” आईला ते कळलं. अर्ध्या चेहऱ्याने का होईना, ती हसली. मॅडम हरल्या याचा तिला जास्त आनंद झाला असावा.

गणपतीत शेठ घरोघरी दर्शनाला फिरतो. आमच्याकडे आला तेव्हा ओटीवर काकू होत्या, मास्तरही मोदक खायला आले होते. शेठने देवाला हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आजी बोलायला लागल्या म्हणे! बरं झालं. मी खास तुमच्यासाठी लाइन बदलून घेतली होती.”

मास्तरांनी मान डोलावली. काकू म्हणाल्या, “देव भलं करो.”

लाइन तीच होती. तोच माड, तीच काळी टेप, खारीने कुरतडलेली तीच जागा. मी म्हटलं, “लाइन तुम्ही बदलली नाही. आम्ही वेळ बदलली. पहाटे उठतो.”

त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. या माणसांना ती कला येते. तो आईसमोर वाकला आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने म्हणाला, “आजी, ओळखलंत का मला? कोण मी?”

आईने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मला माहीत होतं, ती शब्द शोधते आहे, आणि तिला घाई केलेली चालत नाही.

“वायर,” ती म्हणाली.

काकूंनी तोंडाला पदर लावला. मास्तर मोदकाकडे बघू लागले. शेठ हसला, “हो हो, वायरवाला! बघा, आजींना सगळं आठवतंय,” असं म्हणत उठला. नंतर त्याने हा किस्सा स्वतःच्या कौतुकाचा म्हणून गावभर सांगितला असं ऐकलं. त्याला त्यातही अपमान दिसला नाही. नंतर मॅडमना मी सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “हा शब्द आपण घेतलाच नव्हता ना?”

आई आता दोन-तीन शब्द जोडून बोलते. काही हवं असलं तर सांगते, नको असलं तर जास्त स्पष्ट सांगते. मॅडम आठवड्यातून एकदा येतात पडद्यावर, अजूनही सकाळीच. संध्याकाळी गावात चक्र फिरतंच आहे. काकू ऑस्ट्रेलियातल्या नातीचे तुकडे बघतात, मास्तर फाटकाशी थांबून सात पिढ्या काढतात, मी “बरं” म्हणून आत जाते. नेट मीसुद्धा शेठचंच घेते. दुसरं कोणी वायर टाकायला येतच नाही.