दहा शेतस का?

संध्याकाळी पाळी सुटली की भिकन नाना कापसाच्या जिनिंगच्या फाटकात उभे राहायचे आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "दहा शेतस का?" मग बायाबापड्या, हमाल, ट्रकवाले सगळे दोन्ही पंजे वर करून दाखवायचे, "दहा, नाना!" मी सुपरवायझर म्हणून दोंडाईच्याला रुजू झालो त्या दिवशी मलाही विचारलं. मी म्हटलं, "दहा आहेत का? काय दहा?" त्यांनी स्वतःचा डावा हात पुढे केला. करंगळी मुळापासून नव्हती. "मना नऊ शेतस, भाऊ. म्हनीसन इचारस."

नाना आमचे फिटर. तरुणपणी एका तेलघाणीत त्यांचा हात यंत्रात असताना कुणीतरी बटण दाबलं होतं. पुढे दीपनगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे असताना त्यांनी पाहिलं की तिथे यंत्र बंद करून त्याला कुलूप लावतात, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. आमच्या शेठला त्यांनी कुलूप मागितलं. शेठ हसले. तेव्हापासून नाना मोटरचे तिन्ही फ्यूज उपटून शर्टाच्या खिशात टाकायचे आणि मगच यंत्राला हात लावायचे. चिनी मातीचे ते जड फ्यूज! खिसा फाटू नये म्हणून बायकोकडून दुहेरी शिवण घालून घेतली होती. दुरुस्ती लांबली तर भाकरी-ठेच्याशेजारी तीन फ्यूज मांडून जेवायचे. "फ्यूज मना खिसामा, तं हात मना खांदाले," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मला हा सगळा नखरा वाटायचा, खोटं कशाला बोलू! ऐन हंगामात कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत लागलेल्या, शेठ दर दहा मिनिटांनी फोन करणार, आणि हे महाशय खिसा धरून बसणार.

अशाच एका दुपारी रोलरमध्ये कापूस तटला. नाना फ्यूज काढून पान्हा आणायला गेले. माझं डोकं फिरलं होतं. ऑफिसच्या कपाटात जादा फ्यूज होते, ते मी आणून बसवले आणि बटण दाबलं. यंत्राच्या पलीकडे कापूस टाकणारी इंदूबाई वाकून अडकलेला कापूस ओढत होती, हे मी पाहिलंच नाही. आमच्याकडे कापसात काम करणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. त्या शर्टाची बाही यंत्राच्या फिरत्या पट्ट्यात गेली. तिची किंकाळी ऐकून नानांनी धावत येऊन मेन स्विच खाली ओढला. बाही गेली, कोपरापर्यंत कातडं सोललं, पण हात वाचला. नाना तिच्यासमोर बसले आणि हळूच विचारलं, "दहा शेतस का, माय?" ती रडत रडत बोटं हलवून म्हणाली, "दहा." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यापेक्षा दोन मुस्काटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शेठ नारळ घेऊन आले. "यंत्रानं भोग मागितला," म्हणाले. नाना आडवे उभे राहिले. "यंत्र भोग मांगत नही, शेठ. जाळी मांगस. पट्टावर जाळी बसाडा, मंग फोडा नारळ." आणि तिन्ही फ्यूज खिशात! शेठ लालबुंद झाले. नानांना तिथल्या तिथे कामावरून काढलं. फ्यूज टेबलावर ठेवून नाना ताठ मानेनं निघून गेले. फाटकात विचारायला त्या संध्याकाळी कुणी नव्हतं. आणि मी? मी शेठच्या सांगण्यावरून नोंदवहीत लिहिलं, 'बाईचा निष्काळजीपणा.' लाज वाटते सांगायला.

आठवड्यानं इंदूबाई हाताला पट्टी बांधून कामावर आली. पट्टा तसाच उघडा. जेवणाच्या सुट्टीनंतर यंत्र सुरूच होईना. शेठ ओरडत आले, "फ्यूज कुणी काढले?"

इंदूबाईनं साडीवरच्या शर्टाच्या खिशावर थाप मारली. खिसा जड होऊन लोंबत होता. "मना खिसामा शेतस. जाळी बसाडा, मंग लई जा." तिच्यामागे बाकीच्या बाया उभ्या राहिल्या, एकीनंही खाली पाहिलं नाही.

शेठ माझ्याकडे वळले. "कपाटातले काढा हो!"

मी कपाटाकडे गेलोच नाही. "कपाट रिकामं आहे, शेठ. ते माझ्या खिशात आहेत. कामावरून काढायचं तर मलाही काढा."

बाहेर गाड्यांची रांग लागलेली. एकाला काढता येतं, सगळ्यांना कसं काढणार? चार वाजता वेल्डर आला. जाळी बसली, बोर्डाला कुलूपही आलं. मी नोंदवहीतली ती ओळ खोडून लिहिलं, 'यंत्र मी सुरू केलं. चूक माझी,' आणि खाली सही केली.

नाना तोवर शिरपूरला दुसऱ्या जिनिंगमध्ये लागले होते. संध्याकाळी फाटकातून त्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. वाटलं, शाबासकी देतील. पण नानांचा तोच प्रश्न, "दहा शेतस का?"

मी फोन वर धरला. पाळी नुकतीच सुटली होती. इंदूबाईनं पट्टी बांधलेला हात सगळ्यात उंच केला, आणि अख्खं फाटक ओरडलं, "दहा, नाना!"