तेलाचा दट्ट्या

आमचं घर बौद्ध, नागपूरकडचं. अंगारे-धुपारे, गंडेदोरे कधी उंबऱ्याच्या आत आले नाहीत. भुताची गोष्ट सांगणाऱ्याला बाबा सरळ पुरावा मागायचे. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय.

बाबा मानेसरच्या एका कारखान्यात इंजिनं तपासायचे. निवृत्तीनंतर एका शौकिनानं त्यांना शंभरेक वर्षांपूर्वीची अमेरिकन रेसची मोटरसायकल दुरुस्तीला दिली. झालं! दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवताना दुसरा विषयच उरला नाही. तिकडे कंपन्या आपापल्या टीम उतरवायच्या, मातीच्या रस्त्यावर तीनशे मैल, ब्रेक नावापुरता.

"आणि तेल परत फिरत नाही, कळलं का? जळून जातं. स्वारानंच एका हातानं तेलाच्या पंपाचा दट्ट्या दाबून इंजिनला पाजायचं. विसरला की इंजिन जाम, खेळ खलास."

"किती वेळानं दाबायचा?"

"मोजायचं नसतं गं. कानाला कळतं."

गाडी चालवून बघताना तो दट्ट्या दाबायची सवय बाबांच्या हातात इतकी मुरली की ताटाशेजारी त्यांचा डावा तळवा मधूनच खाली दाबला जायचा. आई चिडवायची, "अहो, भाजीला तेल कमी पडलं का?"

मग आई गेली. गेल्या वर्षी बाबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला आणि तो स्वतःच्या मांडीवर दाबत राहिला. डॉक्टर म्हणाले, जुनी सवय आहे, लक्ष देऊ नका. मी दिलं. हात खाली गेला की मगच बाबांची छाती वर यायची, आधी नाही. मला भीती वाटली, तेव्हा ते दिसू नये म्हणून मी माझी खुर्ची फिरवून बसायला लागले.

परवा दुपारी ऑफिसातून लवकर आले. बाबांना सांभाळणारी ताई खूश होती.

"दीदी, देखो, आज कितने शांत हैं. हाथ मैंने चादर में अच्छे से दबा दिया."

चादर दोन्हीकडून गादीखाली घट्ट खोचलेली. बाबांचे डोळे उघडे, ओठ निळसर, छाती स्थिर. खोलीत जळक्या तेलाचा वास होता. स्वयंपाकघर समोरच दिसत होतं, गॅस बंद होता.

मी चादर ओढून काढली. हात हलला नाही. "बाबा, दाबा ना!" मी ओरडले. शेवटी माझाच तळवा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि दाबला.

छाती वर आली.

ताईनं हात जोडले. मी तिच्यावर खेकसले, "कुछ नहीं हुआ, पानी लाओ."

त्यानंतर बाबांचा हात चाललेला नाही. ताईला शिकवून पाहिलं, पण तिला काही ऐकूच येत नाही म्हणते. मला झोप अनावर होते आणि त्या झोपेचीच धास्ती वाटते. हे एका हातानं लिहितेय, दुसरा त्यांच्या मांडीवर आहे. मोजत नाही. कानाला कळतं.