माजावर आलेली चंपी

माझ्या दवाखान्यात टेबलावर मांजर ओरडत होती आणि समोर फौजेतले हवालदार पाटील, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन आजच करा म्हणून अडून बसले होते. तासगावजवळ त्यांची द्राक्षबाग. बेदाण्याच्या शेडवर उंदीर फार, म्हणून ही चंपी पाळलेली. ते सुट्टीवर आले होते आणि परत ड्यूटीवर जायचा दिवस जवळ आला होता.

"ही माजावर आहे," मी म्हणालो. "आत्ता गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. रक्त जास्त जातं. माज ओसरल्यावर आणा."

"तवा आणणार कोण, सायेब? घरी मंडळी एकटी हाय. बाग बघंल का मांजर घिऊन सांगलीला येईल?"

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा काळ. मांजरीचं ऑपरेशन करणारे आमच्याकडे मोजकेच. मी तयार झालो. प्रत्येक रक्तवाहिनी दोनदा बांधली. वेळ लागला, पण चंपी नीट शुद्धीवर आली.

नेताना त्यांना बजावलं. ऑपरेशन झालं तरी माजाचा वास लगेच जात नाही. बोके मागे लागतात, टाके तुटतात. म्हणून टाके काढेपर्यंत तिला खोलीत कोंडून ठेवायची. ते हो हो म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात त्यांची बायको एसटीनं आली. पाटीत, लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली चंपी. टाके उसवले होते आणि पोटात पू झाला होता. नेहमीसारखी ती शेडवर झोपायला गेली आणि बोक्यांनी तिला गाठलं.

"मला कुणी सांगितलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "त्ये घाईत गेलं. ठावं असतं तर उंबरा वलांडू दिला नसता."

मी पुन्हा शिवलं. दुसऱ्या दिवशी चंपी गेली.

बाईंनी एकच मागणं केलं. "ह्यास्नी सांगू नगा. तिकडं बर्फात बसून मनाला लावून घेत्याली."

पुढच्या सुट्टीत हवालदार आवर्जून दवाखान्यात आले. द्राक्षं आणली होती. म्हणाले, "तुमी लय झकास काम केलं हुतं. पर साप चावला बगा तिला. मंडळीनं सांगितलं."

मी मान हलवली. त्यांच्याकडे बघवलं नाही.

तेव्हापासून जनावर घेऊन येणाऱ्याला मी आधी विचारतो, याला खायला कोण घालतं? मग काळजीच्या सूचना त्याच माणसाला देतो. तो आला नसेल तर बोलावून घेतो. लोक कंटाळतात, पण तो माणूस येईपर्यंत ऑपरेशन उद्यावर ढकलता येतं.