पाणसळ लावून काढलेली रांगोळी

तत्त्वासाठी तुरुंगात जाणारी माणसं मी पत्रकांतून पुष्कळ वाचली आहेत. पण तत्त्वासाठी स्वतःची गाडी वर्षानुवर्षं पावसात भिजत ठेवणारा माणूस अख्ख्या कॅनडात एकच आहे, आणि तो माझा घरमालक आहे. कोक्विटलाममध्ये मी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहते, त्यांना काका म्हणते आणि त्यांच्या गराजमधून भिंतीला पाठ घासत, खेकड्यासारखी तिरकी जाते. कारण गराजमध्ये गाडी नसते, रांगोळी असते. काका हयातभर पूल बांधून निवृत्त झाले. त्यांचे मित्र गोल्फ खेळायला लागले, थंडीत ॲरिझोना गाठायला लागले; काकांनी रांगोळी धरली. बाहेर पाऊस थांबत नाही म्हणून गराज घेतलं, आणि एकदा काढलेली रांगोळी पुसायची नाही हे तत्त्व घेतलं. "पडावं म्हणून मी आयुष्यात काही बांधलेलं नाही," ते म्हणतात. त्यामुळे गेल्या दिवाळीची रांगोळी अजून जागेवर आहे, तिच्या शेजारी आधीच्या दिवाळीची आहे, आणि विंटर टायर बिचारे दिवाणखान्यात सोफ्यामागे बसलेले आहेत. मुलगी व्हँकुव्हरहून आली की दारातच थबकते. "बाबा, इट्स अ गराज. फॉर कार्स." काका शांतपणे सांगतात, "गाडी वॉटरप्रूफ असते, रांगोळी नसते."

त्यांची काढण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. आधी पाणसळ लावून जमीन सपाट आहे का ते बघतात. मग दोरी ताणतात, खडूने रेघा मारतात, चिमटीतून पडणाऱ्या भुकटीची जाडी पट्टीने मोजतात आणि एखादा ठिपका केसभर सरकला तर अख्खी ओळ व्हॅक्युम करून परत काढतात. इतकं करूनही काकू त्या प्रकाराला रांगोळी म्हणत नाहीत. "ड्रॉइंग छान आहे," म्हणतात.

इथेच सगळं दुखणं आहे. काकूंच्या रांगोळीला आमच्या मंडळात तोड नव्हती. गप्पा मारता मारता, खाली न बघता काढायच्या. मग बोटांना संधिवात झाला, चिमूट धरेना, आणि त्यांनी एका शब्दाने तक्रार न करता डबे माळ्यावर टाकले. ते डबे काकांनी खाली काढले. त्यांना जगात एकाच परीक्षकाकडून 'ही रांगोळी आहे' एवढं ऐकायचं होतं, आणि परीक्षक कमालीचे कडक निघाले. "रांगोळी म्हणजे पूल आहे का हो? सकाळी काढायची, संध्याकाळपर्यंत लोकांच्या पायांनी जायची. तुम्ही तर स्मारकं बांधताय."

मग काकांनी कुठेतरी बघितलं की युरोपातल्या छोट्या शहरांत कलाकार रस्त्यावर बसून चित्रं काढतात आणि लोक दाद देतात. घरची दाद परदेशातून मागवावी, असा बेत ठरला. शहर ठरलं ल्युब्ल्याना, कारण तिथे भर वस्तीत मोटारींना बंदी आहे. काकू म्हणाल्या, "मी तिथला किल्ला बघायला येतेय. तुमची हमाल म्हणून नाही." मुलीला सुट्टी मिळेना, म्हणून हमाल या पदावर माझी नेमणूक झाली.

काका इतके सरळ आहेत की रिकाम्या पार्किंगमध्येसुद्धा स्टॉप साइनला पूर्ण थांबतात आणि दोन्हीकडे बघतात. त्यांनी भुकटीच्या पिशवीवर इंग्रजीत प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'दगडाची पूड, कलेसाठी, खाण्यासाठी नाही, दुसऱ्या कशासाठीही नाही.' त्या शेवटच्या शब्दांमुळे विमानतळावर आमची ओळख बऱ्याच अधिकाऱ्यांशी झाली.

ल्युब्ल्याना मी तुम्हाला सांगू शकत नाही, कारण काकांनी ते फक्त खाली बघून पाहिलं आणि मी त्यांच्या मागे होते. नदी आहे म्हणतात. पुलावर हिरवे ड्रॅगन आहेत. काका पुलाखाली वाकून तुळया बघून आले. गल्ल्यागल्ल्यांतून आम्ही पाणसळ टेकवत हिंडलो, आणि शेवटी किल्ल्याच्या पायथ्याशी एक चौक त्यांना पसंत पडला. काकांनी साइटवरचं भगवं जाकीट चढवलं, गुडघ्यांना पॅड बांधले, चारी कोपऱ्यांना छोटे ट्रॅफिक कोन ठेवले आणि भोवती दोरी बांधली. प्रवासी कलाकार सज्ज झाला. लोक अदबीने वळसा घालून जाऊ लागले. एका आजोबांनी काळजीने विचारलं, "पाणी परत किती वाजता येणार?"

थोड्या वेळाने शेजारच्या कॅफेतला वेटर आला आणि दोरी काढा म्हणाला. माझं रक्त उसळलं. मी मूठ आवळून त्याला सुनावलं की रस्ता कुणाच्या मालकीचा नसतो, चौक जनतेचा असतो, आणि जनतेला तिच्याच चौकातून हुसकावणारे तुम्ही कोण? तो म्हणाला, "अगदी बरोबर. म्हणूनच म्हणतोय, दोरी काढा." मला भाषण मधेच सोडावं लागलं. चौक अडवला होता तो आमच्या काकांनीच.

दोरी गेली. पण त्याहून मोठं संकट खाली होतं. चौक ओबडधोबड दगडगोट्यांच्या फरशीचा. आखणीची दोरी ताणावी तर ती दगडांवर उड्या मारत जाई, आणि ठिपका नेमका फटीत पडून गडप होई. काका पुन्हा मोजत, पुन्हा ठिपका टाकत, पुन्हा फट तो गिळून टाकी. शेवटी ते कोनाशेजारी जमिनीवरच बसले. भगव्या जाकिटातला त्यांचा चेहरा इतका लहान मी कधी पाहिला नव्हता. "हे लेव्हलच नाही गं," एवढंच म्हणाले.

काकू समोरच्या बाकावर आइस्क्रीम खात होत्या. इतका वेळ त्यांनी मान मुद्दाम किल्ल्याकडे वळवून ठेवली होती. आता त्यांना राहवेना.

"अहो, ठिपके कशाला टाकताय? दगड आहेत ना. एकेक दगड म्हणजे ठिपका."

"ते सरळ रेषेत नाहीत."

"नसू देत. त्या काळ्या दगडापासून निघा. आता डावीकडच्या मोठ्याला वळसा. हात उचलू नका! बघताय काय खाली? माझ्याकडे बघा."

"खाली न बघता कसं काढू?"

"मी बघतेय ना."

आणि काका काढू लागले. पाणसळ पिशवीत गेली. आइस्क्रीम काकूंच्या मनगटावरून ओघळत होतं, तोच हात पुढे करून त्या वळणं सांगत होत्या, बाकावरून अर्ध्या उठल्या होत्या, ओरडत होत्या, "अहो, कमळ आहे ते, कोबी नव्हे!" लोक थांबले. वेटरने काकूंना रुमाल आणून दिला आणि तिथेच उभा राहिला. शेवटची पाकळी जुळली तेव्हा रांगोळी एका बाजूला झुकलेली, फुगलेली, लुसलुशीत अशी झाली होती. काका घामाघूम. त्यांनी काकूंकडे बघितलं, पण विचारायचं धाडस होईना.

काकूंनी मान तिरकी करून खूप वेळ बघितलं. "आता झाली रांगोळी," त्या म्हणाल्या. "उठा. किल्ला बंद होईल."

"आणि हिच्याजवळ कोण थांबेल? लोक तुडवतील."

"तुडवू देत. चला."

काका गेले. तीन वेळा मागे वळून बघितलं, पण गेले. किल्ल्याच्या तटावरून खाली सगळं शहर उतरत्या उन्हात पडलं होतं, तांबडी कौलं, नदी (खरंच होती), आणि चौकात तळहाताएवढा पांढरा डाग. माणसं त्याच्यावरून येत-जात होती. बाजारातून परतणारी, सायकल ढकलणारी, हातात हात घातलेली. डाग हळूहळू विरत चालला होता. मला वाटलं, काकांचा जीव आता कासावीस होणार. ते हलकेच म्हणाले, "कुणाकुणाच्या बुटांना लागून घरोघरी गेली असेल, नाही?"

काकू आपली वाकडी बोटं तटाच्या उबदार दगडावर टेकवून बसल्या होत्या, आणि त्यांतलं एक बोट, त्यांच्या नकळत, हात न उचलता दगडावर वळणं घेत होतं.