फ्राऊ केलरच्या स्वयंपाकघराचा उंबरठा

काल सकाळी बालाघाटात दाट धुकं होतं. ओट्यावर चहा घेऊन बसलो आणि पन्नासेक वर्षांपूर्वीचं ते जर्मनीतलं डोंगरातलं गाव आठवलं... नात म्हणाली, आजोबा, लिहून टाका. म्हणून लिहितोय.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. वडील इकडे मँगनीजच्या खाणीत मजूर, आणि मी सरकारी स्कॉलरशिपवर खाणकामाचंच इंजिनिअरिंग शिकायला परदेशात. बालाघाट जिल्ह्यातल्या आमच्या लामता गावाहून छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीत बसलो तेव्हा अर्धी वस्ती स्टेशनवर आली होती.

तो सगळा रुबाब पहिल्या आठवड्यातच उतरला. दुपारी चारलाच अंधारून यायचं, भाषा डोक्यावरून जायची. वर्गात मागे कोणी हसलं की वाटायचं, आपल्यालाच हसले. रोज मनात यायचं, परत जावं...

एकच सुख होतं. इथे माझी जात कोणालाच ठाऊक नव्हती. आमच्या घरानं दीक्षा घेऊन बरीच वर्षं झाली होती, पण माय म्हणायची, "आपुन बौद्ध झालो, पर गावाले कोन सांगन?" इथे कोणाला काही सांगायचंच नव्हतं. मी नुसता एक इंडियन होतो.

फ्राऊ केलर, म्हणजे केलरबाई, या विधवा बाईंच्या घरी मला खोली मिळाली. शेजारच्या खोलीत इराणचा रेझा, तोही विद्यार्थीच. पहिल्या दिवशी बाईंनी स्वयंपाकघर दाखवलं आणि हे आपल्या तिघांचं आहे असं खुणांनी सांगितलं. मी मान हलवली आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो.

लामत्यात मी दुसऱ्या जातीच्या कोणाच्या स्वयंपाकघरात कधी पाय ठेवला नव्हता. पाणी हवं तर बाहेरून आवाज द्यायचा, भांडं खाली धरायचं, वरून ओततील तेवढं घ्यायचं. पुढे नागपूरला शिकताना हॉस्टेलात सगळे आपल्याच समाजाचे होते, त्यामुळे ही सवय किती खोल गेलीय ते कधी कळलंच नाही.

कॉलेजच्या कँटीनमध्ये काही वाटायचं नाही, ती सगळ्यांचीच. पण घरातली चूल दिसली की पाय थांबायचे. रोज संध्याकाळी मी पेला घेऊन दाराशी उभा, आणि बाई हातातलं काम टाकून पाणी आणून द्यायच्या. जेवायला बोलावलं तर ताट खोलीत न्यायचो आणि धुऊन दाराबाहेर ठेवायचो... वाटायचं, किती गुणी भाडेकरू मी.

बाई मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेल्या. सारख्या स्वयंपाकाचा ओटा घासताना दिसायच्या. एकदा नवंकोरं पातेलं आणून त्यांनी मला दाखवलं. मी छान आहे म्हणालो आणि पाणी घेऊन खोलीत गेलो.

मग एका संध्याकाळी रेझा आला. बाईंनी तुला महिनाअखेर खोली सोडायला सांगितलंय, म्हणाला. बर्फ पडायला लागलं होतं, त्या गावात दुसरी खोली मिळणं कठीण. मी कारण विचारलं.

"इंडियातले वरच्या जातीचे लोक दुसऱ्यांची चूल विटाळाची मानतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलंय," तो म्हणाला. "तू त्यांना घाणेरडं समजतोस असं वाटतंय त्यांना. रडत होत्या."

मला वरच्या जातीचा समजल्या होत्या बाई... हसावं की रडावं ते कळेना.

आता गप्प राहायचं तर खोली जाणार होती. खोली ठेवायची तर जे इथे कोणालाच ठाऊक नाही, ते स्वतःच्या तोंडानं सांगावं लागणार होतं. तेही रेझासमोर, कारण माझं इंग्रजी जर्मनमध्ये तोच सांगणार.

खाली गेलो. दाराशी उभा राहून सांगितलं की तुमची चूल विटाळाची नाही हो, लोक आम्हालाच विटाळ मानतात. माझे पाय उचलत नाहीत ते त्यामुळे. सांगताना रेझाही मध्येच अडखळला, माझ्याकडे बघत राहिला. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई खुर्चीत बसल्या. मग रेझाला एवढंच म्हणाल्या, "त्याला विचार, इथे त्याला कोण अडवतंय?"

इथे तर कोणीच नव्हतं... गाव मीच सोबत घेऊन आलो होतो.

वाटलं, आता हाताला धरून आत नेतील. तसं काही झालं नाही. त्यांनी कोट चढवला, डोक्याला रुमाल बांधला, रेझालाही चल म्हणाल्या. आणि सगळं घर माझ्यावर टाकून भर बर्फात बाहेर पडल्या.

मी एकटा उरलो, बघायलासुद्धा कोणी नाही. बऱ्याच वेळानं आत गेलो, आपल्या हातानं नळ सोडला, पाणी प्यालो... आणि तिथेच फरशीवर बसून रडलो. ते सुटल्याचं रडू नव्हतं. लामत्यात माय उद्या सकाळी पुन्हा कोणाच्या तरी दाराशी भांडं खाली धरून उभी राहील, हेच डोळ्यांपुढे येत होतं.

खोली राहिली. पण पुढे कितीतरी दिवस त्या उंबऱ्याशी आधी पाय थांबायचे. जित्याची खोड म्हणतात ती अशी.

शिक्षण संपवून परत आल्यावर मायला हे सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल, नाहीतर पाठीवरून हात फिरवील. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "अन् ते बाई येवढ्या बर्फात कुठी गेलती रे?"

मला ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या घरी वर्षानुवर्षं राहिलो, त्यांच्याच टेबलावर जेवलो... आणि हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही.