दीड इंचाचा पोळपाट

आपल्या गाडीवर माझ्या थोरल्या साडूंइतका जीव लावणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नाही, आणि गाडीत बसणाऱ्यांचा इतका छळही दुसऱ्या कुणी केला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मूळचे सोयगावकडचे, आता संभाजीनगरला सिडकोत राहतात. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या पांढऱ्या गाडीत चप्पल घालून बसायला सक्त बंदी. पायताण डिकीत ठेवायचं, तळवे झटकायचे आणि मगच आत पाय टाकायचा, मग तुम्ही व्याही असा की तहसीलदार. एकदा क्रांती चौकात एका पोलिसानं हात करून ठाण्यापर्यंत सोडायला सांगितलं, तर यांनी त्याला भर चौकात बूट काढायला लावले. "सायेब, घरात जाता का बूट घालून? मग हितं कशाला?" तो बिचारा मोज्यांवर ठाण्यापाशी उतरला आणि बूट डिकीतच विसरला. ते परत द्यायला साडू पुन्हा ठाण्यात गेले, तेव्हा आत काय झालं हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

हॉर्न ते वाजवत नाहीत. खिडकीतून डोकं काढून "ओ मावशी, जरा बाजूला व्हता का?" असं विचारतात, आणि मावशी उत्तर देऊ लागल्या की थांबून ऐकूनही घेतात. गुलमंडीतून बाहेर पडायला त्यामुळे तासभर लागतो. गाडी मागे घेताना माझ्या मेव्हणीला मागं उभं करतात, तिच्या सगळ्या सूचना नीट ऐकतात आणि बरोब्बर उलटं स्टिअरिंग फिरवतात. पण आमच्या सासरकडच्या प्रत्येक मुलीची पाठवणी मात्र त्यांच्याच गाडीतून झाली. त्यांना स्वतःला मूल नाही. चाकाखाली नारळ फोडून, डोक्याला फेटा बांधून ते नवरीला सासरी पोचवून येत, आणि पुढचे दोन दिवस कुणाशी फारसं बोलत नसत. शेवटची राहिली होती माझी मुलगी. ती पाच वर्षांची असताना तिनं त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, की मला पण तुम्हीच सोडायचं, दुसरं कुणी नाही.

तिचं लग्न ठरलं आणि साडू पडले. गाडीच्या टपावर कावळ्यानं केलेला डाग पुसायला पालथ्या बादलीवर चढले होते. बादली घसरली. डावा पाय मांडीत मोडला, आणि जुळून आला तो दीड इंच आखूड होऊन. डॉक्टरांनी त्या पायासाठी दीड इंच जाड तळाचा बूट करून दिला. तो घातला की चालणं सरळ होई, आणि क्लचही सहज दबला असता. पण गाडीत बूट घालायचा कसा?

"पाय बदलता येत नाय, नियम बदलता येत नाय," साडू मला म्हणाले, "तर मग पाव्हणं, पायडल बदलू."

शहरातल्या दोन गॅरेजवाल्यांनी हात जोडले. तेव्हा वाटेत दहादा गाडी बंद पाडत आम्ही पाचोडला गेलो. तिथं नांगर-वखर दुरुस्त करणारा एक वेल्डर साडूंच्या विश्वासातला होता. बाजाराचा दिवस होता. गाडीचं दार उघडं टाकून साडू अनवाणी आत बसलेले, वेल्डर खाली उकिडवा बसून त्यांच्या तळव्याला मोजपट्टी लावतोय, आणि भोवती बाजारला आलेली माणसं सल्ले देतायत. एक म्हातारे शेळी कमरेशी धरून म्हणाले, "मास्तर, त्यापरीस शीट पुढं घ्या की!" साडूंनी सीट पुढं घेऊन दाखवली. पोट स्टिअरिंगला टेकलं आणि जन्मात पहिल्यांदाच हॉर्न वाजला. म्हातारे शेळीसकट मागं सरकले.

शेवटी ठरलं, की पायडलवर दीड इंचाचा लाकडी ठोकळा बसवायचा. साधं लाकूड साडूंना पसंत पडेना. त्यांनी पिशवीतून मेव्हणीचा जुना पोळपाट काढला. "वीस वर्षं रोज लाटणं फिरलंय त्याच्यावर. पायाला लई गुळगुळीत लागंल." वेल्डरनं कपाळाला हात लावला, पण ठोकळा बेताचा कापून दोन बोल्टांनी झकास बसवून दिला. परतताना साडूंनी एकदाही गाडी बंद पडू दिली नाही. मेव्हणीनं मात्र आठवडाभर ताटावर पोळ्या लाटल्या आणि प्रत्येक पोळी वाढताना पायडलची चौकशी केली.

लग्न झकास लागलं. मुलीचं सासर वैजापूरचं. जेवणं उरकेपर्यंत साडूंनी कार्यालयामागं गाडी धुतली. धुताना पाहिलं, तर ठोकळ्यावर धुळीचा एक ठिपका. त्यांनी बोल्ट काढले, ठोकळा साबणानं घासला आणि आचाऱ्याच्या चुलीशेजारी उन्हात वाळत घातला. असली चूक त्यांच्याशिवाय कोण करणार? पाठवणीची वेळ झाली, साडू ठोकळा आणायला गेले आणि रिकाम्या हातानं परत आले.

"मला काय ठावं?" आचारी म्हणाला. "वाळलेलं लाकूड दिसलं, जिलबीच्या कढईखाली सारलं."

मुलगी मागच्या सीटवर बसली होती. चाकाखाली नारळ ठेवलेला. साडूंनी जाड बूट काढून डिकीत ठेवला आणि अनवाणी पायानं क्लचपर्यंत पोचायला सीटवरून इतके खाली घसरले की बाहेरून नुसता फेटा दिसे. गाडीनं जागच्या जागी उडी मारली आणि नारळ न फोडताच बंद पडली. तीनदा तसंच झालं. वऱ्हाडात कुणीतरी हसलं. व्याही पुढं झाले आणि अगदी अदबीनं म्हणाले, "मास्तर, आमचा ड्रायव्हर घेतो की गाडी. तुम्ही शेजारी बसा." किल्ली काढायला साडूंनी हात पुढं केला. मला ते पाहवेना.

"काका, बूट घाला," मुलगी मागून म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता.

"नाय बाई. गाडीत नाय."

"मग मीच घालते." तिनं डिकीतून स्वतःच्या सँडल मागवल्या आणि आत बसल्या बसल्या पायात चढवल्या. "आता मोडला ना नियम? चला. तुम्हीच सोडायचं ठरलंय."

साडूंनी आरशात तिच्याकडे बघितलं. मग मला म्हणाले, "पाव्हणं, माझा तेवढा बूट द्या." मी स्वतःच्या हातानं त्यांच्या पायात तो घातला. नारळ एका दणक्यात फुटला, गाडी फाटकाबाहेर पडली, आणि साडू व मुलगी दोघांसाठी मी एकदमच रडलो.

त्यानंतर काही वर्षांनी त्यांचा गुडघा अगदीच धरला. आता त्यांची गाडी मी चालवतो. नियम पुन्हा लागू झाला आहे. आम्ही दोघंही अनवाणी असतो, आणि ते माझ्या डावीकडे बसतात. मी गिअर बदलायच्या बेतात आलो की त्यांचा तो आखूड डावा पाय मॅटवरून दीड इंच उचलला जातो आणि हळूच खाली दाबला जातो. मी बघितलं नाही असं दाखवतो. पण त्यांचा पाय दाबून होईपर्यंत मी गिअर टाकत नाही.